गाय गाभडली तर: जिवाणूजन्य गर्भपात ओळखण्यापासून थांबवण्यापर्यंत

गाय अपुऱ्या दिवसांत गाभडली की पहिल्या काही तासांत गोठ्यात जे घडतं, त्यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. बहुतेक वेळा वार आणि मेलेला गर्भ घाईघाईने उचलून टाकला जातो, जागेवर बादलीभर पाणी मारलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाला विचारलं जातं, "कशामुळे झालं असेल?" उत्तर ज्यात होतं ते तोवर कुत्र्यांनी ओढून नेलेलं असतं. वर रोगाचे जंतू गोठाभर पसरलेले असतात, आणि वार उघड्या हाताने उचलणाऱ्या माणसालाही लागण झालेली असू शकते.

म्हणून या लेखात औषधांपेक्षा क्रमावर भर आहे. आधी माणूस वाचवा, मग पुरावा वाचवा, मग जागा स्वच्छ करा, आणि त्यानंतर कारणाचा शोध घ्या. चांगल्या प्रयोगशाळांतही गाभडण्याच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत कारण सापडत नाही. नमुना उशिरा पोचणं, कुजलेला असणं किंवा अर्धाच असणं ही त्यामागची मोठी कारणं आहेत, आणि ती गोठ्यातल्या माणसाच्या हातात आहेत.

कधी काळजी करायची

गाय साधारण 280 दिवस गाभण असते. पहिल्या 42 दिवसांत गर्भ गेला तर सहसा काहीच दिसत नाही. गाय फक्त पुन्हा माजावर येते. 42 ते 260 दिवसांच्या दरम्यान गर्भ बाहेर पडला तर त्याला गर्भपात म्हणतात. त्यानंतरचं वासरू मेलेलं निघालं तर तो मृतजन्म.

कळपात वर्षाला एक-दोन टक्के गाई गाभडणं हे कुठेही होतं. हे प्रमाण तीन ते पाच टक्क्यांच्या वर गेलं, किंवा काही आठवड्यांत दोन-तीन गाई पाठोपाठ गाभडल्या, तर कळपात काहीतरी फिरतंय असं धरून चालावं. पण माझं मत विचाराल तर टक्केवारीची वाट पाहूच नये. चार-पाच गाई असणाऱ्याला टक्केवारीचा उपयोगच नाही. त्याच्यासाठी एक गाय म्हणजे कळपाचा पाचवा हिस्सा. पाचव्या महिन्यानंतर गाभडलेल्या प्रत्येक गाईची तपासणी व्हावी. तपासणी नकारात्मक आली तरी खर्च वाया गेला असं समजू नका. निदान ब्रुसेलाची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताच्या जिवाणूची, शंका कमी झाली, ही मोठी गोष्ट आहे.

पहिली पायरी: हात लावण्याआधी

वार, गर्भ, गर्भजल आणि गाभडल्यानंतरचा स्राव यांत कोट्यवधी जिवाणू असू शकतात. ब्रुसेला, लेप्टोस्पायरा, लिस्टेरिया, कॉक्सिएला आणि साल्मोनेला हे पाचही माणसाला होतात. कारण कळेपर्यंत प्रत्येक गाभडलेली गाय ब्रुसेलाची आहे असं मानूनच वागा.

कोपरापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, नाकातोंडावर मास्क आणि शक्य तर चष्मा. ब्रुसेला डोळ्यांच्या आवरणातून, त्वचेवरच्या बारीक खरचटीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरतो. हातमोजे नसतील तर दोन जाड प्लास्टिक पिशव्या हातावर चढवा, पण उघडा हात लावू नका. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि हृदयाच्या झडपेचा आजार असलेली माणसं यांनी त्या जागेजवळ फिरकू नये. लिस्टेरिया आणि कॉक्सिएला गरोदरपणात घात करतात, आणि कॉक्सिएला झडपांना धरून राहतो.

गाय लगेच वेगळी बांधा. शक्यतो अशा जागी, जिथून तिचा स्राव आणि मूत्र इतर जनावरांच्या गव्हाणीकडे किंवा पाण्याकडे वाहणार नाही. तिला स्वतंत्र बादली आणि स्वतंत्र खराटा द्या, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा. किमान तीन आठवडे, म्हणजे स्राव थांबेपर्यंत आणि अहवाल येईपर्यंत, ती कळपात परत जाऊ नये. तिचं दूध वेगळं काढा. ते विक्रीच्या दुधात मिसळू नका आणि कच्चं कोणालाच देऊ नका, वासरांनाही नाही.

वार अडकली असेल तर हात घालून ओढू नका. गर्भाशयाला इजा होते, आणि ब्रुसेला असेल तर ओढणाऱ्याला लागण होण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. पशुवैद्यकाला येऊ द्या.

दुसरी पायरी: पाहा आणि लिहून ठेवा

पशुवैद्यक येईपर्यंत वही उघडा. गाय कोणती, कितवं वेत, कधी भरवली, कृत्रिम रेतन की वळू, गेल्या तीन महिन्यांत ती आजारी होती का, ताप आला होता का, दूध अचानक घटलं होतं का, चारा बदलला का, नवं जनावर आलं का, पाणी कुठलं पिते, उंदीर किती आहेत, गोचीड किती आहे, कुठल्या लशी कधी दिल्या. हे सगळं नंतर आठवत नाही.

गर्भाचं वय मोजा, कारण वय हाच पहिला धागा असतो. माथ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यात 21 मिळवा आणि बेरजेला अडीचने गुणा. येतील तितके अंदाजे दिवस. समजा लांबी 45 सेंटिमीटर आहे. 45 अधिक 21 म्हणजे 66, त्याची अडीचपट 165, म्हणजे साडेपाच महिने. भरवल्याची तारीख आणि हा आकडा यांत महिना-दीड महिन्याचा फरक दिसला, तर गर्भ पोटात आधीच मेला होता आणि उशिरा बाहेर पडला, असा एक अर्थ निघतो. नोंदवलेली तारीख चुकीची असण्याचीही शक्यता असते. केसांवरूनही अंदाज येतो: पापण्या आणि नाकपुड्यांजवळ केस फुटू लागले असतील तर पाचवा महिना, अंगभर बारीक केस असतील तर सात-आठ महिने.

मग वार नीट पसरून बघा. तिच्यावर जागोजाग गोल उठावदार गाठी असतात, त्यांना कोटिलेडन म्हणतात. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त यांची देवाणघेवाण तिथेच होते. निरोगी वार पातळ, चकचकीत असते आणि गाठी गडद लाल असतात. जिवाणूंनी गाठलेली वार बऱ्याचदा जाड, चामट, पिवळट-तपकिरी चिकट थराने माखलेली असते आणि गाठी करड्या, मेलेल्या दिसतात. हे दृश्य बुरशीमुळेही येतं, त्यामुळे डोळ्यांनी निदान करू नका. फोटो मात्र काढा, वारेच्या दोन्ही बाजूंचे.

तिसरी पायरी: नमुने

सगळ्यात उत्तम नमुना म्हणजे अख्खा गर्भ आणि अख्खी वार. गर्भ लहान असेल तर गळणार नाही अशा दुहेरी पिशवीत घालून, बर्फाच्या पिशव्यांसोबत थंड डब्यात थेट प्रयोगशाळेत पाठवा. चोवीस तासांत पोचला तर उत्तम. गोठवू नका, गोठवल्याने पेशींची रचना मोडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच नीट दिसत नाही. फ्रिजचा थंडावा पुरतो, पण घरच्या अन्नाच्या फ्रिजमध्ये हे ठेवायचं नाही.

गर्भ मोठा असेल तर पशुवैद्यक जागेवर उघडून नमुने घेतील. त्यात एक गोष्ट राहून जाऊ देऊ नका: गर्भाच्या जठरातला द्रव. पोटातलं वासरू गर्भजल गिळत असतं, त्यामुळे गर्भजलातले जिवाणू त्याच्या जठरात साठतात. शिवाय ही जागा बंद असते. वार जमिनीवर लोळलेली असते, तिच्यात शेणातले जंतू मिसळतात आणि अहवालात भलतंच काही उगवून येतं. जठरातल्या द्रवात हे प्रदूषण कमी असतं. निर्जंतुक सिरिंजने ओढलेला काही मिलिलिटर द्रव कधीकधी सगळ्या उरलेल्या नमुन्यांपेक्षा जास्त सांगतो.

त्याखेरीज फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा आणि मेंदू यांचे तुकडे, छातीतला द्रव, वारेवरच्या तीन-चार गाठी, त्यातल्या निदान दोन खराब दिसणाऱ्या. प्रत्येक अवयवाचा एक तुकडा थंड ठेवायचा आणि दुसरा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा. फॉर्मॅलिनमधला तुकडा बोटाच्या नखाएवढा पातळ असावा आणि द्रव त्याच्या दहापट असावा. जाड तुकडा आतून कुजतो.

आईचं रक्त दोनदा घ्यावं लागतं: आज आणि तीन आठवड्यांनी. का, ते नीट समजून घ्या. ब्रुसेलात गाभडण्याच्या दिवशी रक्तातली प्रतिपिंडं (जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) अजून वाढलेली नसू शकतात, म्हणून पहिली चाचणी नकारात्मक येते आणि मालक निर्धास्त होतो. तीच गाय तीन आठवड्यांनी ठळक सकारात्मक येते. लेप्टोस्पायराच्या हार्जो प्रकारात उलट होतं. लागण होऊन कित्येक आठवड्यांनी गाय गाभडते, तोवर प्रतिपिंडं चढून उतरलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या नमुन्यात वाढ दिसतच नाही. म्हणून एका गाईवर थांबू नका. तिच्याच वयोगटातल्या, तिच्यासोबत बांधलेल्या पाच-दहा गाईंचं रक्त आणि काहींचं मूत्रही तपासायला द्या.

नमुन्यासोबत वहीतली माहिती लिहून पाठवा, आणि "ब्रुसेलाची शंका" असं डब्यावर ठळक लिहा. प्रयोगशाळेतल्या माणसांना त्यापासून धोका असतो. इथे गाफील राहणं त्यांच्या जिवाशी खेळणं आहे.

चौथी पायरी: विल्हेवाट आणि सफाई

नमुने घेऊन झाल्यावर उरलेला गर्भ, वार आणि भिजलेलं आच्छादन खोल पुरा. खड्डा माणसाच्या उंचीएवढा, विहीर-ओढ्यापासून लांब; वर चुना, मग माती, मग दगड. कुत्र्यांनी उकरलं तर सगळी मेहनत फुकट. जाळणं शक्य असेल तर तेही चालतं.

जागा धुताना क्रम पाळा. आधी शेण, रक्त, पेंढा खरवडून काढा, कारण सेंद्रिय घाण असेल तिथे ब्लीचिंगसारखी रसायनं निकामी होतात. प्रेशरने पाणी मारू नका. जंतू हवेत तुषार होऊन उडतात. मग हायपोक्लोराइट, फिनॉल वर्गातलं जंतुनाशक किंवा 2 टक्के कॉस्टिक सोडा ओता आणि भिजत राहू द्या. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, म्हणून जनावरं दूर. शेवटी जागा उन्हात कोरडी होऊ द्या. ब्रुसेला सावलीत, थंड ओलाव्यात कित्येक महिने तग धरतो. कडक उन्हात आणि कोरडेपणात लवकर मरतो. लेप्टोस्पायराला तर कोरडेपणा अजिबात सोसत नाही. कॉक्सिएला मात्र धुळीतही फार काळ टिकतो, म्हणून कोरडी झाडलोट टाळा.

कोणता जिवाणू, कोणत्या महिन्यात

ब्रुसेला ॲबोर्टस. डेन्मार्कमधल्या बर्नहार्ड बँग यांनी 1897 मध्ये हा जिवाणू शोधला. सांसर्गिक गर्भपात या नावाने पशुपालकांना ओळखीचा असलेला रोग तो हाच. गाय सहसा पाचव्या महिन्यानंतर गाभडते. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते आणि ती या जिवाणूला फार मानवते, म्हणून गाभण गर्भाशयात तो प्रचंड वाढतो. वारेला दाह होतो, बाळाचा पुरवठा तुटतो आणि गर्भ पडतो. मागे वार अडकते, गर्भाशयाचा दाह होतो, पुढचा माज लांबतो.

लागण होते ती बहुतेक तोंडावाटे. गाभडलेल्या गाईने दूषित केलेला चारा, पाणी, किंवा जनावरांनी वार चाटणं. वळूच्या अंडकोषाला सूज येते. त्याच्या नैसर्गिक संयोगातून लागण कमी होते, पण दूषित वीर्य थेट गर्भाशयात सोडलं गेलं तर धोका मोठा.

आता ज्या गोष्टीपायी कळपच्या कळप बाधित राहतात ती सांगतो. ब्रुसेला झालेली गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेतात ती पूर्ण दिवसांचं, जिवंत वासरू देते आणि मालकाला वाटतं, झालं, बरी झाली. ती बरी झालेली नसते. जिवाणू तिच्या कासेत आणि कासेवरच्या लसिकाग्रंथींत राहतो, दुधातून येत राहतो, आणि प्रत्येक विण्याच्या वेळी वारेतून आणि स्रावातून पुन्हा बाहेर पडतो. गाभडलेल्या गाईइतकीच ही "बरी झालेली" गाय कळपाला धोकादायक असते, कारण तिच्यावर कोणाची नजर नसते. तिच्या पोटी जन्मलेल्या काही थोड्या कालवडीही लागण घेऊनच येतात, रक्ततपासणीत नकारात्मक राहतात आणि पहिल्या वेतात उघड होतात.

कॅम्पिलोबॅक्टर फीटस. याची व्हेनेरिॲलिस ही उपजात संयोगातून पसरते. वळूला काहीही होत नाही. त्याच्या शिस्नावरच्या कातडीच्या सूक्ष्म खाचांत जिवाणू वस्ती करतो, आणि वय वाढेल तशा या खाचा खोल होतात, म्हणून चार वर्षांपुढचे वळू जास्त चिवट वाहक. गाईत गर्भ फार लवकर मरतो. गाभडलेलं काही दिसत नाही. गाय 21 दिवसांऐवजी 30-40 दिवसांनी, अनियमितपणे उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. एकाच वळूवर भरवलेल्या अनेक गाई अशा उलटत असतील तर गाईंना दोष देण्याआधी वळू तपासा. थोड्या गाई चौथ्या ते सहाव्या महिन्यात गाभडतात. लागण झालेल्या गाईंत काही महिन्यांत प्रतिकारशक्ती येते आणि त्या पुन्हा गाभ धरतात, पण वळू जिवाणू वाहतच राहतो. उपाय सरळ आहे: तो वळू बंद, आणि चांगल्या केंद्रातल्या, प्रतिजैविक मिसळलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन.

लेप्टोस्पायरा. हार्जो हा प्रकार गाईंचाच आहे. तो त्यांच्या मूत्रपिंडात आणि जननमार्गात मुरून राहतो आणि मूत्रातून बाहेर येतो. पोमोनासारखे प्रकार डुकरं, उंदीर आणि इतर प्राण्यांकडून येतात. गाभडणं बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, लागणीनंतर काही आठवड्यांनी. कधी पूर्ण दिवसांची पण अशक्त वासरं जन्मतात आणि एक-दोन दिवसांत जातात. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: अनेक गाईंचं दूध एकदम उतरतं, चारही सडांतून दूध पिवळट, चिकासारखं घट्ट येतं, पण कास कडक न होता मऊ, लोंबती राहते. स्तनदाहात कास सुजून कडक होते, हा फरक. अशी लाट येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांत गाभडण्याचे प्रकार सुरू झाले तर लेप्टोस्पायरा तपासा. साचलेलं पाणी, दलदलीचं कुरण, गव्हाणीत मुतणारे उंदीर ही याची घरं. धार काढताना मूत्राचे शिंतोडे डोळ्यांत-तोंडात जाणं हा माणसाला होण्याचा मुख्य मार्ग.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस. इथे संशय मुरघासावर, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यावर, घ्या. नीट आंबलेल्या मुरघासाचा सामू (पीएच) 4 च्या आसपास असतो. तो 5 च्या वर राहिला, हवा आत गेली, माती मिसळली की लिस्टेरिया वाढतो. थंडीतही वाढतो, हे त्याचं वैशिष्ट्य. गाय शेवटच्या तीन महिन्यांत गाभडते, तिला ताप असू शकतो. कळपात त्याच वेळी एखादं जनावर मान एका बाजूला वळवून गोल फिरतंय, एका बाजूचा कान आणि ओठ लोंबतोय, असं दिसलं तर शंका पक्की होत जाते.

साल्मोनेला डब्लिन. पाचव्या ते आठव्या महिन्यात, बऱ्याचदा तापासोबत, कधी दुसरं कुठलंच लक्षण नसताना. त्याच गोठ्यात वासरांना हगवण किंवा न्यूमोनिया चालू असेल तर धागा जुळतो.

कॉक्सिएला बर्नेटी, म्हणजे क्यू तापाचा जिवाणू, शेळ्या-मेंढ्यांत अधिक त्रास देतो; गाईंत उशिरा गाभडणं, अशक्त वासरं, अडकलेली वार. शेळ्या आणि गाई एकत्र असतील तर हा विसरू नका. क्लॅमिडिया ॲबोर्टसचंही तसंच.

उरलेले संधिसाधू. ट्रुपेरेला पायोजेनीस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस हे गाईच्या शरीरात किंवा परिसरात असतातच. पायाचा गळू, स्तनदाह, कोठीपोटातलं आम्ल वाढणं अशा कशातून रक्तात शिरले की वारेत जाऊन बसतात. बॅसिलसचं मूळ बहुधा खराब, भिजलेल्या, बुरशी आलेल्या चाऱ्यात. सहसा एखादीच गाय गाभडते आणि गोष्ट तिथेच संपते. जिवाणू गर्भापर्यंत पोचलाच पाहिजे असंही नाही. तीव्र स्तनदाहात जिवाणूंच्या विषामुळे प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक सुटतं, अंडाशयावरचं पिवळं शरीर विरघळतं, आणि त्यातून येणारं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन संपतं. म्हणून गाभण गाईचा कुठलाही तापाचा आजार लांबवू नये.

आणि हे ध्यानात असू द्या की जिवाणू नसतानाही गाय गाभडते. आयबीआर आणि बीव्हीडी हे विषाणू, कुत्र्यांच्या विष्ठेतून येणारा निओस्पोरा आणि वळूतून येणारा ट्रायकोमोनास हे परजीवी, बुरशी, चाऱ्यातलं नायट्रेट. प्रयोगशाळेला यांचीही तपासणी करायला सांगा. फक्त जिवाणू शोधत राहिलात तर निओस्पोरा कळपात वर्षानुवर्षं आईकडून मुलीकडे जात राहील.

अहवाल कसा वाचायचा

ब्रुसेलासाठी रक्ताची रोझ बंगाल चाचणी झटपट होते आणि चाळणी म्हणून चांगली. सकारात्मक आली तर एलायझा किंवा कॉम्प्लिमेंट फिक्सेशन या प्रतिपिंडांच्या चाचण्यांनी खात्री करून घ्यावी. अनेक गाईंच्या एकत्र दुधाची मिल्क रिंग चाचणी कळपावर स्वस्तात नजर ठेवायला उपयोगी. लसीकरण झालेल्या गाईत ब्रुसेलाच्या एस 19 लशीमुळेही प्रतिपिंडं दिसू शकतात, म्हणून लशीची नोंद आणि कानातला बिल्ला हवाच.

वारेतून ई. कोलाय उगवला, एवढ्यावर कारण सापडलं असं मानू नका. तो शेणातून आलेला असतो. तोच जिवाणू गर्भाच्या जठरातून आणि फुप्फुसातून शुद्ध वाढला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसला, तर गोष्ट वेगळी. कॉक्सिएलाचंही तसंच. पीसीआर या जनुकीय चाचणीत तो नीट विलेल्या गाईंच्या वारेतही सापडतो. दाह आणि भरपूर जिवाणू, दोन्ही असतील तरच त्याच्यावर बोट ठेवावं. "कारण सापडलं नाही" असा अहवाल आला तर तो फेकू नका; पुढच्या वेळी तुलनेला लागतो.

कळपाचं काय करायचं

लेप्टोस्पायरा वेळेत कळला तर बाधित आणि सोबतच्या गाईंना प्रतिजैविक देऊन मूत्रातून जिवाणू पडणं थांबवता येतं, आणि लस देऊन पुढची लागण रोखता येते. लशीत तुमच्याकडे सापडलेला प्रकार आहे ना, हे तपासून घ्या. लिस्टेरियात आधी तो मुरघास बंद करा. कुठलं औषध, किती आणि दुधाला किती दिवस थांबायचं हे पशुवैद्यक ठरवतील. गाभडली म्हणून आपल्या मनाने इंजेक्शन टोचणं टाळा; नमुने घेण्याआधी दिलेलं प्रतिजैविक जिवाणूची वाढ दाबतं आणि निदान हातचं जातं.

ब्रुसेलाला गाईत औषधोपचार करू नयेत, असं मी ठामपणे सांगेन. जिवाणू पेशींच्या आत लपतो, उपचार लांबतात, दुधात प्रतिजैविक येतं आणि गाय वाहक राहते ती राहतेच. मार्ग तपासून वेगळं काढण्याचा आहे. सगळ्या प्रौढ जनावरांची तपासणी, सकारात्मक जनावरं कायमची वेगळी किंवा कायद्याप्रमाणे कळपाबाहेर, आणि उरलेल्यांची 30 ते 60 दिवसांनी पुन्हा तपासणी. लागोपाठ दोनदा सगळी नकारात्मक येईपर्यंत हे थांबवायचं नाही, आणि त्यानंतरही गाभण गाई विल्यावर एकदा तपासायच्या. सकारात्मक गाय गपचूप दुसऱ्याला विकणं म्हणजे त्या घरातल्या माणसांना आजार विकणं. हे कुठल्याही अडचणीत करू नये.

लस कालवडींना, 4 ते 8 महिन्यांच्या वयात, एकदाच. एस 19 हा प्रकार 1923 मध्ये जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून वेगळा केला आणि तो आजही वापरात आहे. आरबी 51 हा नंतरचा प्रकार नेहमीच्या चाचण्यांत गोंधळ करत नाही. दोन्ही जिवंत लशी आहेत. नर वासरांना द्यायच्या नाहीत, गाभण गाईंना द्यायच्या नाहीत. टोचताना सुई स्वतःला लागली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि लशीचं नाव सांगा. आरबी 51 रिफॅम्पिसिनला दाद देत नाही, आणि माणसाच्या ब्रुसेलोसिसमध्ये तेच औषध सर्रास दिलं जातं. नाव सांगितलं नाही तर चुकीचा उपचार होऊ शकतो. लस लागण पूर्ण अडवत नाही. गाभडणं आणि जिवाणू पसरणं बरंच कमी करते. म्हणून लस दिली की तपासणी सोडायची, असं नाही.

गाभडलेली गाय हाताळलेल्या कुणालाही पुढच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर-सांधे दुखणं, पुरुषाला अंडकोषाला सूज असं काही झालं, तर डॉक्टरला "आमच्याकडे गाय गाभडली होती" हे स्वतःहून सांगावं. हे वाक्य न सांगितल्यामुळे ब्रुसेलोसिसचे रुग्ण महिनोन्‌महिने साध्या तापाची औषधं घेत राहतात. याचा उपचार किमान सहा आठवडे, दोन औषधं एकत्र. मध्येच सोडला तर आजार उलटतो.

बाहेरून आत येऊ नये म्हणून

ब्रुसेला आणि कॅम्पिलोबॅक्टर कळपात शिरतात ते बहुतेक विकत आणलेल्या जनावरातून. घेण्याआधी रक्त तपासा, आणल्यावर 30 दिवस वेगळं ठेवा, मग पुन्हा तपासा. गाभण जनावर घेत असाल तर जास्त जपून: ते विल्यावर तिसरी तपासणी होईपर्यंत वेगळ्या जागी विऊ द्या. विण्यासाठी एक स्वतंत्र, सहज धुता येणारी जागा असावी, आणि वार पडली की लगेच उचलावी, मग वासरू कितीही सुदृढ असो. बाहेरचा वळू आणू नका, आपला देऊ नका.

पाण्याची डबकी बुजवा, पिण्याच्या हौदाला कुंपण घाला म्हणजे जनावर त्यात उतरून मुतणार नाही, पेंडीची पोती उंचावर ठेवा. मुरघासाचा वरचा आणि कडेचा काळपट थर दरवेळी काढून फेका आणि गाभण गाईंना शंकास्पद चारा देऊ नका. गोठ्यातल्या कुत्र्याला वार खाण्याची सवय लागली असेल तर त्याला विण्याच्या दिवसांत बांधून ठेवा.

गाभडलेल्या गाईला पुन्हा भरवण्याची घाई नको. साधारण दोन महिने जाऊ द्या, गर्भाशय तपासून घ्या, स्राव स्वच्छ आहे ना पाहा. अहवालात ब्रुसेला नाही हे दोनदा पक्कं झालं असेल तरच भरवा, आणि तेही कृत्रिम रेतनानेच. गाभ राहिल्यावर पाचव्या महिन्यापासून तिच्यावर रोज नजर ठेवा, आणि विण्याच्या पंधरा दिवस आधीच तिला त्या वेगळ्या जागेत हलवा.